'इतर' म्हणून लिहिलेली झाडं

सोमवार, ३ मार्च

रक्तदाब १६०/९४. डॉक्टरांनी ही वही दिली आणि म्हणाले, "आजोबा, रोज आकडा लिहायचा आणि त्या दिवशी कशाची काळजी केली तेही लिहायचं. महिन्याने बघू, काळजीने दाब वाढतो की दाबाने काळजी." मी म्हटलं, माझ्या काळज्या लिहायच्या तर ही वही पुरायची नाही. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

आजच्या काळज्या: स्वयंपाकघराच्या छपराचा वासा. डावा गुडघा. मुलगा चालवतो त्या जीपचे टायर. ही दोन दिवस खोकते आहे आणि औषध घेत नाही. डॉक्टरांना खोटा आकडा ओळखता येतो का, ही पाचवी.

वही लिहायची मला सवय आहे. सातवीपर्यंत शिकलो, पुढे जमलं नाही, पण अक्षर चांगलं म्हणून जंगल खात्याने मोजणीला घेतलं. उतारावरच्या जंगलात सव्वीस वर्षं झाडं मोजली. प्रत्येक झाडाला नंबराचा पत्रा, छातीच्या उंचीवर टेप, घेर किती, जात कोणती. वर्षाला एक वही. शेवटच्या वर्षी उत्कृष्ट मोजणीचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते भिंतीवर आहे. गुडघ्यामुळे नोकरी लवकर सोडली, त्याला अकरा वर्षं झाली.

गुरुवार, ६ मार्च

१५६/९२.

मुलगा खात्यातच साहेबांची जीप चालवतो. आज त्याने माझ्यासाठी साहेबांचा एक कागद आणला. "उतारावरील जंगलाच्या मोजणीच्या सव्वीस वह्या मी स्वतः लिहिल्या आहेत", असं टाइप केलंय आणि खाली माझ्या सहीची जागा. अकरा वर्षांनी माझ्या वह्यांची कुणाला तरी आठवण झाली. खरं सांगायचं तर छाती फुगली. गुडघासुद्धा दुखला नाही.

"वह्या कशाला लागल्या रे?" मी विचारलं.

"उताराचा निकाल लावायचाय. तुमच्या वह्यांत झाडांच्या फक्त एकतीस जाती निघाल्या. एवढ्या जागेत एकतीस म्हणजे गरीब जंगल. गरीब जंगल तोडून तिथे इमारती लाकडाचं एकाच जातीचं झाड लावायचं, असा वरून हुकूम आहे. नऊ एप्रिलला सुनावणी. समिती येईल, वह्या बघेल, शिक्का मारेल."

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकतीस? तेवढ्या तर ओढ्याच्या अलीकडेच भेटतात."

"तू मोजल्यास?"

"भेटणाऱ्याला मोजतं का कुणी?"

सव्वीस वर्षं ही माझा डबा घेऊन जंगलात यायची आणि परतताना सरपण आणायची. तेवढ्यावर हिला वाटतं, जंगल हिला कळलं. मी कागद घडी करून ठेवला. शिकलेल्या माणसाने वाद घालू नये.

सही उद्या करीन. घरातलं पेन बरोबर चालत नाही.

रविवार, ९ मार्च

१६४/९६. पेन चालतं. सही केली नाही.

एकतीस हा आकडा दाताखाली खडा आल्यासारखा लागत होता. आज आंघोळ करताना कळलं. आम्हाला खात्याने छापील यादी दिली होती, तीस जातींची. यादीत असेल ते नाव लिहायचं, नसेल तर 'इतर' लिहायचं. तीस आणि एक, एकतीस! म्हणजे कॉम्प्युटरने 'इतर' ही एक जात धरली. माझ्या हाताने लिहिलेलं 'इतर' हे आता एक झाड झालंय.

शिवाय दुसरा नियम, मनगटाहून बारीक झाडाला पत्रा ठोकायचा नाही. म्हणजे खालच्या सावलीत वाढणारं निम्मं जंगल वहीत आलंच नाही.

नियम माझे नव्हते. पण पहिल्या वर्षी मोठ्या साहेबांनी विचारलं होतं, "यादीबाहेरची नावं माहीत आहेत का रे? असतील तर वाढवू यादी." मी म्हणालो होतो, "यादी पुरेशी आहे, साहेब." नावं माहीत नाहीत असं म्हणायची लाज वाटली. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो.

आपलेच दात, आपलेच ओठ.

बुधवार, १२ मार्च

ऑफिसात जाऊन आलो. साहेब माझ्या मुलाहून लहान आहेत. उठून खुर्ची दिली, हे मान्य करायला हवं.

मी 'इतर'चं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीवरचा मोठा फोटो दाखवला. विमानातून काढलेला. आमचा उतार हिरव्या सतरंजीसारखा सपाट दिसत होता.

"बघा, काका. एका उंचीची झाडं. एकच मजला. असं जंगल म्हणजे आतून रिकामं."

"साहेब, छपरावरून बघून घरात किती माणसं राहतात ते कळतं का?"

ते हसले. मला राग आला तो आलाच. मी म्हटलं, "हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. एकदा आत चला. टोपी काढून चला, फांद्या लागतात."

"काका, मला या वर्षी अमुक इतक्या जागेत लागवड दाखवायचीच आहे. नाही दाखवली तर मी कुठे जाईन ते माझं मला माहीत." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले, मग पुन्हा साहेब झाले. "सही फक्त एवढ्यापुरतीच, की वह्या तुमच्या. खोटं काय त्यात?"

खोटं काहीच नाही. तेच तर वाईट आहे.

बाहेर मुलगा जीपची काच पुसत होता. आत काय बोललो ते त्याने ऐकलं असणार, कारण तीच काच तो पुसतच राहिला.

गुरुवार, १३ मार्च

दाब मोजला नाही. मोजून काय उपयोग, मला माहीत होता.

सकाळी मुलाशी वाजलं. "बाबा, झाकली मूठ राहू द्या. एक एप्रिलला माझा करार पुन्हा व्हायचाय. साहेबांच्या सहीने होतो."

"म्हणजे मी तुझ्यासाठी जंगल विकू?"

"जंगल तुमचं कधी होतं? पत्रे ठोकले म्हणून?"

हे लागलं. मी म्हटलं, "तू जा. जीपचे टायर बघ." तो न जेवता गेला. हिने डबा घेऊन त्याच्यामागे फाटकापर्यंत जाऊन काहीतरी सांगितलं. काय ते मला सांगत नाही.

सोमवार, १७ मार्च

१५८/९२.

खात्याच्या विश्रामगृहात एक बाई उतरल्या आहेत. जंगलांचा अभ्यास करतात. गळ्यात कायम दुर्बीण, म्हणून गावात त्यांना दुर्बीणबाई म्हणतात. ऑफिसातल्या क्लार्कने त्यांना माझं भांडण तिखटमीठ लावून सांगितलं असणार, कारण आज त्या घरी आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "काका, ते छपराचं वाक्य मी माझ्या अहवालात घालू का?"

त्यांच्याकडे एक नळी आहे. झाडाच्या बुंध्याशी उभं राहून शेंड्याकडे धरली की उजेडाचा किरण जातो आणि उंचीचा आकडा येतो. मी सव्वीस वर्षं बोटाने आणि काठीने अंदाज केला.

त्या म्हणाल्या, "मला हेच शोधायचंय, की जंगलाची रचना आणि त्यातल्या जातींची संख्या यांचं नातं काय. किती उंच, किती दाट, किती थर, जाड आणि बारीक झाडं कशी मिसळलीत. पण तुमचे पत्रे मला सापडत नाहीत."

पत्रे मला सापडतात. वीस पावलं लांब, वीस पावलं रुंद असे वीस चौकोन मोजायचं ठरलं, मनगटाहून बारीक झाडांसकट. ही मध्येच म्हणाली, "मी येते. हे पडले तर उचलायला कोण?"

शुक्रवार, २१ मार्च

पाच चौकोन झाले. थकलो आहे, पण लिहितो.

बाहेरून जंगल भिंतीसारखं दिसतं. आत गेलं की खोल्या. सगळ्यात वर उंच झाडं, त्यांचे शेंडे एकमेकांना न लागता उभे. त्यांच्या कमरेशी दुसरा मजला. त्याखाली माझ्या डोक्याच्या दुप्पट उंचीचा तिसरा, आणि तळाशी बोटाएवढी, मनगटाएवढी झाडं, अंधारात ताटकळत. मी मनगटाएवढ्या एका झाडाला "पोर" म्हणालो. बाई म्हणाल्या, "काका, हे पोर तुमच्या मुलाच्या वयाचं असेल. वरचं कुणी पडेल आणि उजेड येईल म्हणून थांबलंय." मी त्याच्याशेजारून सव्वीस वर्षं गेलो असेन.

हिची बडबड मात्र फार. बाई पान बघायला दुर्बीण लावतात, तोवर ही नखाने साल खरवडते, वास घेते आणि नाव सांगून मोकळी. "ही दुधाळी. ही रडवी, जाळली की डोळ्यांतून पाणी काढते. हा सासूकाटा, लांबून बरा. ही दोनमनी, पान वरून हिरवं, खालून तांबडं. आणि हे न-पेटं, कितीही वाळवा, चुलीत नुसतं बसून राहतं, यांच्यासारखं."

बाई हसल्या. मी नाही.

आज दुपारनंतर बाईंनी मला टेपचं टोक धरायला सांगितलं आणि वही घेऊन हिच्याजवळ जाऊन बसल्या. टेपचं टोक धरायलाही माणूस लागतोच म्हणा.

एक गोष्ट बरी आहे. रोज सकाळी जातो तर चौकोनापर्यंतची वाट कुणीतरी आधीच मोकळी करून ठेवलेली असते, काटे बाजूला सारलेले, ओढ्यावर ओंडका टाकलेला. खात्याच्या राखणदारांना अजून माझी कदर आहे. मुलाच्या हातांवर मात्र ओरखडे दिसले. विचारलं तर म्हणाला, बॉनेटचा पत्रा लागला. फार धसमुसळा झालाय.

सोमवार, २४ मार्च

आज बाईंशी माझा वाद झाला आणि मी जिंकलो. तारीख लक्षात ठेवायला हवी.

त्या म्हणत होत्या की जितकी जास्त खोडं, तितक्या जास्त जाती, साधारणपणे. मी त्यांना उताराच्या जळक्या अंगाला घेऊन गेलो. तिथे खूप वर्षांपूर्वी वणवा लागला होता. आता एवढी बारीक दाटी आहे की कुत्रं शिरायचं नाही. एका चौकोनात दोनशे दहा खोडं. जाती पाच.

"गर्दी म्हणजे गाव नव्हे," मी म्हटलं. "सगळी एका उंचीची, एका वयाची. एकाच दिवशी शाळेत घातल्यासारखी. मजले नाहीत इथे."

मग त्या म्हणाल्या, उंच झाडं तिथे जास्त जाती असतील. मी त्यांना ओढ्याकाठी नेलं. सगळ्यात उंच झाडं तिथे, पण खाली इतका अंधार की फार कुणी टिकत नाही. पंचवीस जाती. आणि मग मधल्या उतारावर, जिथे एक मोठं झाड पडून भगदाड झालंय. म्हातारी झाडं, मधली, बारीक, पडलेली, उजेड, सावली, सगळं एकाच चौकोनात. जाती त्रेपन्न.

बाई पडलेल्या झाडावर बसल्या आणि म्हणाल्या, "नुसती उंची नाही, नुसती दाटी नाही. खालपासून वरपर्यंतची मिसळण. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली, काका."

मी म्हटलं, "मला सव्वीस लागली आणि लिहिलं नाही."

१५०/८८. चुकून नाही, दोनदा मोजला.

शनिवार, २९ मार्च

वीस चौकोन पूर्ण. एकशे अठरा जाती.

मी टाळी वाजवली. बाईंनी वाजवली नाही. त्यांनी वाळवलेली पानं वर्तमानपत्रात मांडून पुन्हा तपासली आणि नऊ जाती खोडल्या, का तर लहानपणी पान वेगळं आणि मोठेपणी वेगळं, झाड एकच. मी भडकलो. "आपल्याच बाजूचे कशाला खोडता? तिकडे एकतीस म्हणतायत आणि तुम्ही इथे नऊ-नऊ सोडताय!"

ही म्हणाली, "अहो, दोन तर मीच सांगितल्या खोडायला. साल म्हातारपणी बदलते, वास बदलत नाही. खोटं घालून लढायचं असेल तर तुम्ही लढा, मी घरी जाते."

एकशे नऊ. ठीक आहे. एकशे नऊ.

मंगळवार, १ एप्रिल

१६८/९८.

मुलाचा करार झाला नाही. "नऊ तारखेनंतर बघू, तोवर चालव", असं साहेबांनी क्लार्ककरवी सांगितलं. मुलगा नेहमीसारखा जेवून झोपला. भांडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाई आल्या. म्हणाल्या, वीस चौकोन म्हणजे उताराचा छोटा तुकडा. समिती म्हणेल, ही बाहेरची बाई, हिचे पंधरा दिवस एकीकडे आणि खात्याच्या सव्वीस वह्या दुसरीकडे. वह्या अपुऱ्या आहेत असं वह्या लिहिणाऱ्याने स्वतः सांगितलं तरच काही होईल.

म्हणजे सगळ्यांसमोर मी उठून म्हणायचं की माझी वही चुकली. लोकांकडे पैसा असतो, शेती असते, शिक्षण असतं. माझ्याकडे वह्या आहेत. दुसरं काय केलं मी?

प्रशस्तिपत्राच्या काचेवर धूळ होती, पुसली. मग वाटलं, कशाला पुसली.

शुक्रवार, ४ एप्रिल

साहेब घरी आले. जीप मुलगाच चालवत होता, पण तो आत आला नाही.

साहेब प्रशस्तिपत्रासमोर उभे राहिले आणि मोठ्याने वाचलं. म्हणाले, "काका, तुमच्यासारखी माणसं आता खात्यात नाहीत. अहवालात तुमचं नाव पहिल्या पानावर घालतो." मग बसल्यावर म्हणाले, "मुलगा चांगली गाडी चालवतो. वळण बघून चालवतो. वळण न बघणाऱ्यांचं काय होतं, तुम्हाला माहीतच आहे."

हिने चहा आणला. म्हणाली, "साहेब, वळणं रस्ता करणाऱ्याने केलेली असतात. चालवणाऱ्याला कशाला बोल लावता?"

साहेबांनी चहा अर्धा ठेवला. कागद टेबलावर ठेवून गेले.

सोमवार, ७ एप्रिल

१८०/१०४. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, सुनावणीबिनावणी विसरा, झोपून राहा.

सही केली.

कारण लिहितो. मी भित्रा माणूस आहे. मुलाला घरात दोन तोंडं आहेत पोसायची, आमची दोघांची. रात्रभर डोळा लागला नव्हता, आणि कागदावरचं वाक्य खरं होतं. वह्या माझ्याच आहेत. एवढंच म्हणालो स्वतःला आणि सही केली. मुलाने कागद घडी करून खिशात घातला. खूश होईल असं वाटलं होतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "येतो, बाबा."

ही तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण ताटाशी बोलते. "घे रे ताटा, अजून भाजी घे."

बुधवार, ९ एप्रिल

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. मी जाणार नव्हतो. ही सकाळी तयार होऊन बाईंबरोबर निघाली, मला न सांगता. एकटा घरात बसून काय करणार, म्हणून गेलो. मागच्या बाकावर बसलो.

समिती तिघांची. अध्यक्ष माझ्यापेक्षा म्हातारे होते, म्हणून जरा धीर आला. साहेबांनी विमानातला फोटो दाखवला, एकतीसचा आकडा सांगितला. बाईंनी एकशे नऊ सांगितले, वर्तमानपत्रातली पानं मांडली. साहेब म्हणाले, "बाईंचा अभ्यास पंधरा दिवसांचा. आमची नोंद सव्वीस वर्षांची. ज्यांनी नोंद केली त्यांची ही सही," आणि माझा कागद हवेत धरला.

तो कागद बघितल्यावर मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. बाक करकरला तेव्हा कळलं की मी उभा राहिलोय.

"सही माझी आहे," मी म्हटलं. "वह्याही माझ्या. खात्याने हे दोन्ही मान्य केलंय ना?"

अध्यक्ष म्हणाले, "केलंय."

"मग वह्यांत चूक काय, ते सांगायचा हक्कही माझाच. शेवटची वही उघडा. तीन हजार आठशे झाडं आहेत. त्यात सोळाशे चाळीस ठिकाणी 'इतर' लिहिलंय. सोळाशे चाळीस झाडं मी एका शब्दात कोंबली. मनगटाहून बारीक तर एकही घेतलं नाही. ही जंगलाची वही नाही, साहेब. ही माझ्या अज्ञानाची वही आहे. अक्षर तेवढं चांगलं आहे."

साहेब म्हणाले, "काका, तुमची तब्येत बरी नाही, बसा."

"तब्येत बरी नाही म्हणूनच उभा आहे. पुन्हा उभं राहता येईल की नाही, माहीत नाही."

अध्यक्षांनी विचारलं, "तेव्हा तुम्हाला त्या झाडांची नावं माहीत नव्हती?"

"मला नव्हती." मग मी पुढे बोट केलं. ही पहिल्या रांगेत पाठ ताठ करून बसली होती. "हिला होती. ही रोज डबा घेऊन यायची. मी कधी विचारलं नाही."

हिने मागे वळून बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

अध्यक्षांनी हिला उभं केलं. बाई एकेक पान वर धरत होत्या आणि ही नाव सांगत होती. दुधाळी, रडवी, घामट, न-पेटं, दोनमनी. कोणतं झाड वरच्या मजल्यावर, कोणतं खाली, कोणतं उजेड पडल्याशिवाय येत नाही. लिहून घेणारा माणूस दमला. चाळिसाव्या पानाला साहेब उठले. "ही काय नावं झाली? कुठल्या पुस्तकात आहेत ही नावं?"

ही शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्ही आमच्या घरी चहा प्यायलात, पण तुमचं नाव मला कुणी सांगितलं नाही. म्हणून काय तुम्ही तिथे बसला नव्हतात?"

सभागृह हसलं. क्लार्कसुद्धा, मग त्याला खोकला आला.

अध्यक्षांनी हुकूम लिहायला सांगितला. मनगटाहून बारीक झाडांसकट संपूर्ण उताराची नव्याने मोजणी. ती पूर्ण होईपर्यंत एकही झाड तोडायचं नाही. नावांना हिची मदत घ्यायची. आणि जुन्या सव्वीस वह्या, लिहिणाऱ्याने स्वतः येऊन, कारण लिहून रद्द कराव्यात.

बाहेर मुलगा उभा होता. जीपची किल्ली साहेबांनी तिथेच काढून घेतली होती. मी त्याला म्हणालो, "माझ्यामुळे झालं." तो म्हणाला, "चला, चालत जाऊ. टायरची काळजी तरी मिटली तुमची."

वाटेत ही त्याच्या हातावरचे ओरखडे बघत होती आणि हसत होती. त्यात हसण्यासारखं काय, विचारलं, तर म्हणाली, "न-पेटं ते न-पेटंच."

मंगळवार, १५ एप्रिल

वह्या रद्द करायला ऑफिसात गेलो. हीही आली. क्लार्कने सव्वीसच्या सव्वीस टेबलावर रचून ठेवल्या होत्या. पहिल्या वहीचा पुठ्ठा उंदरांनी खाल्लाय, आतलं अक्षर शाबूत.

साहेबांनी कारण टाइप करून तयार ठेवलं होतं: "वार्धक्यामुळे झालेल्या विस्मरणाने नोंदी सदोष." मी वाचलं. पंचविसाव्या वर्षी लिहिलेली पहिली वही वार्धक्याने सदोष!

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "माझी बुद्धी शाबूत आहे. चूकही शाबूत बुद्धीने केली."

साहेब म्हणाले, "काका, तुमचीच अब्रू वाचवतोय."

"माझी नाही, खात्याची वाचवताय. कारण मी लिहीन."

ते आत गेले. मी पहिल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: "मला झाडांची नावं माहीत नव्हती. मी विचारलं नाही. नोंद रद्द." खाली सही, तारीख.

क्लार्क भला माणूस. म्हणाला, "आजोबा, एकदा लिहिलंत ना, आता बाकीच्या पंचवीसांवर 'वरीलप्रमाणे' लिहा. हात मोडेल."

"'वरीलप्रमाणे' लिहिणार नाही. आखूड लिहिलं म्हणून तर इथे बसलोय."

एकोणीस वह्या झाल्या तेव्हा ही टेबलाजवळ आली. हिला वाचता येत नाही. म्हणाली, "काय लिहिताय, वाचा."

मी वाचलं.

"कुणाला विचारलं नाही, ते लिहा."

क्लार्क खिडकीबाहेर बघायला लागला. मी एकोणीस वह्या पुन्हा ओढून घेतल्या आणि प्रत्येकीत 'विचारलं नाही'च्या आधी 'माझ्या बायकोला' घातलं. ओळीत जागा कमी होती. अक्षर बारीक करून बसवलं.